सतरावा चमचा

सकाळी साडेसहाला किल्ली फिरवते तेव्हा
हीयुमा बेटावर अजून रात्रच असते.
जानेवारीत सूर्य इथे उशिरा येतो,
आणि आला तरी पाहुण्यासारखा,
कोट न काढता.

मोठ्या पातेल्यात दूध, त्यात जवाचा भरडा.
ढवळत राहायचं.
लापशी जराशी बुडाशी लागली
की सोळा पोरं सोळा तोंडं करतात.

नगरपालिकेकडून तक्ता येतो:
मीठ किती, साखर किती,
आठवड्यातून मासे कितीदा.
तक्ता चांगला आहे. मी तो पाळते.
पण त्यात एक रकाना राहिलाय,
तो मला तोर्मीनं दाखवला.

चार वर्षांचा. पानगळीच्या दिवसांत आला.
खुर्चीला टेकायचाच नाही.
सगळी पंगत बसलेली, हा उभा.
बिटाचा एक घास, की चालला खिडकीपाशी,
दुसरा घास चालता चालता,
तिसरा विसरलेला.
नवी बाई मार्ये म्हणाली, लाडावलाय.
मी काही बोलले नाही, भांडी घासत होते.

एकदा ओले हातमोजे वाळत घालताना
त्याच्या डाव्या मोज्यात पाव सापडला,
काळा, आंबूस, कडेला दातांची नक्षी.
मोजा गरम नळीवर ठेवला.
तुकडा माझ्या एप्रनच्या खिशात
दिवसभर दगडासारखा जड.

दुसऱ्या दिवशी त्याला काम दिलं:
चमचे मोजायचे, ताटल्या मांडायच्या.
आमच्या ताटल्या चिनी मातीच्या आहेत.
महिन्याला एखादी फुटते,
मग सगळे चिडीचूप,
आणि उर्मास न सांगता केरसुणी आणतो.
प्लॅस्टिकच्या घ्या, असं सुचवलंय बऱ्याच जणांनी.
पण फुटणारी वस्तू
पोरं दोन्ही हातांनी धरतात,
हे त्या लोकांनी पाहिलेलं नाही.

तोर्मीनं मोजलं. सतरा.
"सोळा रे," मी म्हटलं,
"मार्येचा मोठा चमचा वेगळा."
"सतरा. हा तुझा."
"मी नंतर जेवते."
"आईपण नंतर," तो म्हणाला.
"उभ्यानंच, तव्यातून. मग मासळीच्या कारखान्यात जाते.
मोठी माणसं उभ्यानं जेवतात."
आणि जरा थांबून,
"मीपण मोठा होणारे."

बावीस वर्षं झाली मला या चुलीपाशी.
बावीस वर्षं चव बघते, चव बघते म्हणत
पळीनंच जेवले,
एक डोळा घड्याळाकडे.
आणि समोर, दाराच्या चौकटीतून,
सगळं बघत होते ते.

बसले. खुर्ची वीतभर,
गुडघे हनुवटीला टेकलेले,
पोरं खिदळली, मग खिदळायची थांबली.
मिर्टेलनं पावाची टोपली
दोन्ही हातांनी माझ्यापुढे केली.
उकडलेले बटाटे, खारवलेली मासळी, गाजराचा कीस.
माझ्याच हातचं,
आणि गरम असताना कसं लागतं
ते मला ठाऊकच नव्हतं.
शेपू जास्त पडला होता.

तोर्मी त्या दिवशी बसला नाही.
बुधवारी बसला, एका कुल्ल्यावर,
दुसरा पाय पळायला तयार.
मग केव्हातरी दोन्ही पाय टेबलाखाली गेले,
तारीख मी लिहून ठेवली नाही.
बीट अजून आवडत नाही त्याला.
पण ताटलीत घेतो, बिटाशी बोलतो,
आणि कधी कधी बीट जिंकतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्याची आई
लवकर आली. अंगाला मासळीचा वास,
बोटांना चिरा, नजर दाराकडे.
डाळीचं सूप उरलं होतं.
"बसा," मी म्हटलं.
"नको, घरी जाऊन..."
पण तोर्मी तोवर खणापाशी पोचला होता.
एक चमचा त्यानं काढला,
बाहीला पुसला,
आणि वीतभर खुर्ची ओढून
तिच्यामागे धरून उभा राहिला.

ती बसली.
कोट न काढता.